बॅजर मारून गायींचा टीबी आटोक्यात येतो का?

पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: "इंग्लंडमध्ये गायींचा क्षयरोग थांबवण्यासाठी बॅजर नावाचा जंगली प्राणी सरकारी परवान्याने मारतात. इतकी वर्षं मारल्यावर उपयोग झाला का? आणि मारण्यापेक्षा लस का देत नाहीत?"

उपयोग झाला, पण जेवढा गाजावाजा झाला तेवढा नाही. आणि त्यातला किती बॅजर मारल्यामुळे झाला, हे आज कोणालाच नीट वेगळं काढून दाखवता येत नाही. मी परळच्या व्हेटर्नरी कॉलेजची, गेली सतरा वर्षं नैर्ऋत्य इंग्लंडात. कामाचा बराचसा भाग म्हणजे गायींच्या मानेवर टीबीची तपासणी. तेव्हा माझं मत कुठल्या बाजूने झुकलेलं आहे ते आधीच सांगून टाकते: या वादात बॅजरवर जितकं बोललं गेलं, त्याच्या पाव हिश्शानेही तपासणीतून निसटून गोठ्यात राहिलेल्या गायीवर बोललं गेलेलं नाही.

बॅजर आपल्याकडे नाही, म्हणून दोन ओळी. दहा-बारा किलोचा, आखूड पायांचा, पांढऱ्या तोंडावर काळे पट्टे असलेला निशाचर प्राणी. मुख्य खाणं गांडुळं. जमिनीखाली बोगद्यांचं जाळं खणून पाच-सहा जण मिळून राहतात. त्या बिळांना इथे 'सेट' म्हणतात. प्रत्येक टोळीची हद्द ठरलेली आणि हद्दीवर त्यांची विष्ठेची ठिकाणंही ठरलेली. लहान मुलांच्या गोष्टींमधलं हे लाडकं पात्र आहे, आणि १९९२ च्या कायद्याने त्याला संरक्षणही आहे. म्हणजे इथे बॅजरला गोळी घालणं ही रानडुक्कर मारण्याइतकी साधी गोष्ट नाही. त्यावर मोर्चे निघतात. क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे त्यासाठी वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरले आहेत.

गोष्ट सुरू झाली १९७१ मध्ये. ग्लॉस्टरशरमध्ये एका शेतावर मेलेला बॅजर सापडला, त्याला टीबी होता. जंतू तोच, मायकोबॅक्टेरियम बोव्हिस. त्याआधी ब्रिटनने गायींमधला टीबी जवळपास संपवत आणला होता. तपासा, पॉझिटिव्ह निघाली की कत्तलखान्यात पाठवा, या एकाच मार्गाने १९६० पर्यंत सगळा देश तपासणीखाली आला होता. नैर्ऋत्य कोपऱ्यात मात्र रोग हटेना, आणि मग हा बॅजर सापडला. १९७५ पासून बिळांमध्ये सायनाइडचा वायू सोडायला सुरुवात झाली. १९८२ मध्ये ते बंद केलं, कारण वायूने बॅजर लवकर मरत नाहीत, हाल होतात, असं प्रयोगांत दिसलं. मग पिंजरे आले. धोरणं बदलत राहिली आणि टीबी हळूहळू वाढत राहिला.

आता या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग. प्राणिशास्त्रज्ञ जॉन क्रेब्ज यांच्या १९९७ च्या अहवालात म्हटलं होतं की बॅजरमुळे गायींना टीबी होतो याचा पुरावा भक्कम आहे, पण बॅजर मारल्याने तो कमी होतो का, ते कोणी नीट तपासलेलंच नाही. म्हणून १९९८ ते २००५ मध्ये मोठी चाचणी झाली. प्रत्येकी १०० चौरस किलोमीटरचे तीस पट्टे, तीन-तीनचे दहा गट. प्रत्येक गटातल्या एका पट्ट्यात दरवर्षी बॅजर मारायचे. दुसऱ्यात, जिथे गायींना टीबी निघेल तेवढ्या शेताभोवतीच मारायचे. तिसऱ्यात फक्त पाहणी. एकूण जवळपास अकरा हजार बॅजर मारले गेले.

दुसऱ्या प्रकारच्या पट्ट्यांमधला निकाल इतका उलटा आला की ते मारणं २००३ मध्येच थांबवावं लागलं. गायींचा टीबी कमी व्हायच्या ऐवजी सुमारे २७ टक्क्यांनी वाढला होता. पहिल्या प्रकारात पट्ट्याच्या आत टीबी सुमारे २३ टक्क्यांनी उतरला, पण भोवतीच्या दोन किलोमीटरच्या कड्यात सुमारे २५ टक्क्यांनी चढला.

हे का झालं ते समजून घ्या, परीक्षेतही विचारतील. टोळीतले निम्मे बॅजर मेले की हद्द राखायला कोणी उरत नाही. उरलेले भटकायला लागतात, शेजारच्या मोकळ्या हद्दीत शिरतात, भांडतात, चावतात. चाव्यातून जंतू जातात. पूर्वी एकाच शेतावर फिरणारा आजारी बॅजर आता चार शेतं फिरतो. इथले शास्त्रज्ञ याला 'परटर्बेशन' म्हणतात. मी शेतकऱ्यांना सांगताना मोहोळाचं उदाहरण देते: अर्धवट मोहोळ काढायला गेलात की माशा शेजाऱ्यालाही चावणार.

२००७ मध्ये या चाचणीच्या शास्त्रज्ञ मंडळाने, अध्यक्ष जॉन बोर्न, सांगितलं की बॅजर मारून ब्रिटनमधल्या गायींच्या टीबीवर अर्थपूर्ण असा फरक पडणार नाही. चारच महिन्यांत सरकारचे मुख्य वैज्ञानिक सल्लागार डेव्हिड किंग यांनी तीच आकडेवारी वाचून बरोबर उलटा सल्ला दिला. दोघंही प्रामाणिक होते असं मला वाटतं. बोर्न विचारत होते की हे परवडेल का, जमेल का. किंग विचारत होते की आतल्या पट्ट्यात टीबी उतरला की नाही. पुढे मारणं थांबल्यावरही आतला फायदा टिकून राहिला आणि कडेचा तोटा विरत गेला असं दिसलं. त्यावरून हिशेब मांडला गेला: दीडशे चौरस किलोमीटरचा भाग घेऊन नेटाने मारलं, तर साडेनऊ वर्षांत नव्याने टीबी निघणाऱ्या कळपांत १२ ते १६ टक्के घट. शंभर कळपांना लागायचा तो चौऱ्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशींना लागेल. एवढ्याशा फरकावर देश दोन गटांत विभागला गेला.

२०१३ मध्ये सॉमरसेट आणि ग्लॉस्टरशरमध्ये प्रत्यक्ष कत्तल सुरू झाली. या वेळी सरकारी माणसांऐवजी शेतकऱ्यांच्या कंपन्या, सरकारी परवाना, आणि पिंजऱ्यासोबत रात्री बंदुकीने मारायचीही मुभा. अट अशी की सहा आठवड्यांत किमान ७० टक्के बॅजर मारले पाहिजेत. कमी मारले तर मोहोळाची गत. अडचण अशी की मुळात बॅजर किती आहेत हेच कोणाला ठाऊक नव्हतं. अंदाज बदलत गेले, उद्दिष्टं हुकली, आणि तेव्हाचे पर्यावरणमंत्री ओवेन पॅटरसन बोलून गेले की बॅजरांनी गोलपोस्टच हलवले, म्हणजे उद्दिष्टच सरकवलं. त्यावरची व्यंगचित्रं अजून इथल्या दवाखान्यांच्या भिंतींवर दिसतात. पण परवाने वाढत गेले आणि आजवर दोन लाखांहून जास्त बॅजर मारले गेले. त्यांतल्या बहुतेकांची टीबीसाठी तपासणीसुद्धा झाली नाही.

परिणाम? २०१९ च्या अभ्यासात चार वर्षांनंतर ग्लॉस्टरशरमध्ये कळपांतला टीबी ६६ टक्क्यांनी, सॉमरसेटमध्ये ३७ टक्क्यांनी उतरलेला दिसला. डॉर्सेटमध्ये दोन वर्षांत काहीच फरक नाही. २०२४ च्या सरकारी शास्त्रज्ञांच्या अभ्यासात बावन्न भाग घेतले, चौथ्या वर्षापर्यंत ५६ टक्के घट. आकडा मोठा आहे, मीही पहिल्यांदा वाचून चमकले. पण त्याच काळात तपासण्या वाढल्या होत्या, निकष कडक झाले होते, रक्तचाचणी जास्त वापरली जात होती. या सगळ्याची बेरीज म्हणजे ५६, आणि लेखकांनी ते स्वतःच लिहिलं आहे. २०२२ मध्ये दुसऱ्या गटाने मारलेले आणि न मारलेले भाग शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर त्यांना फरक आढळला नाही. सरकारने त्यांच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. जुन्या चाचणीसारखे 'फक्त पाहणी'चे पट्टे या वेळी ठेवलेच नव्हते. वाद मिटणार कसा?

आता माझ्या कामाकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तिथे दिसतं.

मंगळवारी सकाळी डेव्हनमधल्या एका शेतावर पोचायचं. गाय खोड्यात, मान बाहेर. मानेवर दोन ठिकाणी केस कापायचे, वर एक, खाली एक. कातडीची घडी कॅलिपरने मोजायची आणि मिलिमीटरचा आकडा कागद धरून उभ्या असलेल्या माणसाला ओरडून सांगायचा. वर पक्ष्यांच्या टीबीचं ट्युबरक्युलिन (जंतूपासून काढलेला अर्क) टोचायचं, खाली गायींच्या टीबीचं, प्रत्येकी ०.१ मिली. पुढची गाय. शुक्रवारी, बहात्तर तासांनी, त्याच क्रमाने पुन्हा हात लावून बघायचं. खालची गाठ वरच्यापेक्षा ४ मिलिमीटरहून जास्त वाढलेली असेल तर गाय 'रिअ‍ॅक्टर', म्हणजे कत्तलखाना. वरचं ट्युबरक्युलिन कशासाठी? मातीतल्या आणि पक्ष्यांमधल्या चुलत जंतूंमुळेही गाठ येते, तिचा हिशेब वजा करायला.

गेल्या वसंतातली एक सकाळ. तीनशेवर दुभत्या गायींचा कळप, पाच वर्षं स्वच्छ. दोनशेच्या पुढे गेलो तोवर सगळ्यांच्या माना सपाट. शेतकरी मागे उभा राहून शीळ घालत होता. मग एक गाभण गाय आली, सहा आठवड्यांवर वेत. कॅलिपर लावायच्या आधीच बोटांना कळलं. वर ७ चे ८, खाली ७ चे १५. मी आकडा सांगितला आणि मागची शीळ थांबली. "शी इज द क्वाएट वन," एवढंच तो म्हणाला, म्हणजे ही आमची गरीब गाय. त्यानंतर आणखी दोन निघाल्या. तिघींची नुकसानभरपाई मिळाली, बाजारभावाच्या तक्त्याप्रमाणे. पण त्या पोटातल्या वासराचं, पुढच्या दुधाचं आणि शेतावरून जनावरं हलवायला बंदी आल्याने विकता न येणाऱ्या गोऱ्ह्यांच्या वैरणीचं काय, ते त्या तक्त्यात नसतं. इंग्लंडमध्ये वर्षाला वीस हजारांच्या आसपास गायी अशा जातात. कराडजवळ आमच्या घरी म्हैस मेली तर दोन दिवस चूल नीट पेटत नसे. इथे दावण नाही, गायींच्या कानात नंबर आहेत, पण त्या दिवशीचा शेतकऱ्याचा चेहरा मला नवा नव्हता.

तर मुद्दा. ही कातडीची चाचणी निरोगी गायीवर खोटा आळ क्वचितच घेते, पाच हजारांत एखादीवर. पण आजारी गाय ओळखण्यात ती कच्ची आहे. शंभर बाधित गायींमधल्या फार तर ऐंशी सापडतात. काही अभ्यासांत त्याहून कमी. नुकती लागण झालेली निसटते, आणि रोग फार पुढे गेलेलीही निसटते, कारण तिची प्रतिकारशक्तीच थकलेली असते. शुक्रवारी मी तीन गायी लाल खुणेने वेगळ्या केल्या, पण चौथी शेडमध्ये उभी असू शकते आणि माझ्या कॅलिपरला ती दिसलेली नसते. हिवाळाभर ती तीनशे जणींबरोबर बंद शेडमध्ये श्वास घेणार. तिचं शेण स्लरीच्या, म्हणजे पातळ शेणखताच्या, टाकीत जाणार. त्यात हा जंतू महिनोन्‌महिने जगू शकतो, आणि तीच स्लरी पुढे कुरणावर पसरणार. त्या कुरणावर गांडुळं वेचायला कोण येतं, ते वर सांगितलंच आहे.

जनुकीय अभ्यासांनी हेच चित्र पक्कं केलं. ग्लॉस्टरशरमधल्या वुडचेस्टर पार्कमध्ये १९७० च्या दशकापासून बॅजरांवर नजर आहे. तिथल्या जंतूंची जनुकं वाचली तेव्हा रोग दोन्ही दिशांनी जातो असं दिसलं. बॅजरकडून गायीकडे जास्त वेळा, पण सगळ्यात जास्त गायीकडून गायीला आणि बॅजरकडून बॅजरला. दुसरीकडे, उत्तर इंग्लंडमधल्या कम्ब्रियात, जिथे बॅजरांमध्ये टीबीचा मागमूस नव्हता, तिथे जंतूची एक नवी जात शिरली. तिचं मूळ उत्तर आयर्लंडमध्ये निघालं. म्हणजे गायींच्या ट्रकमधून ती आली, गायींकडून बॅजरांना लागली, आणि मग २०१८ पासून तिथले बॅजर मारले गेले. बॅजरांची बाजू घ्यायची मला हौस नाही. त्यांच्याकडून रोग येतो, मी ते नाकारत नाही. पण कॉर्नवॉलमध्ये गायींच्या आणि बॅजरांच्या गळ्यात जागा नोंदवणारे पट्टे बांधून पाहिलं, तर ते एकमेकांच्या अगदी जवळ आल्याची नोंद जवळजवळ मिळालीच नाही. बॅजर गायींना टाळतात. लागण व्हायची ती बहुधा गवतातून, पाण्यातून, गव्हाणीतून. म्हणून मी शेतकऱ्याला आधी फाटकाखालची फट मोजायला सांगते. साडेसात सेंटिमीटरहून मोठी असेल तर बॅजर आत येतो. मग मुरघास आणि खुराक झाकायला सांगते. ही कामं कंटाळवाणी आहेत. बंदुकीचा परवाना मिळाल्यावर फाटकाची फट बुजवायचा उत्साह किती जणांचा टिकतो, हे मी पाहिलेलं आहे. सरकारने नेमलेल्या चार्ल्स गॉडफ्रे यांच्या समितीनेही २०१८ मध्ये सौम्य भाषेत तेच लिहिलं: शेतावरची काळजी आणि जोखमीच्या गायींची खरेदी-विक्री यांकडे दुर्लक्ष होतंय.

आयर्लंडचं उदाहरण शेतकरी मला नेहमी देतात. १९९७ ते २००२ मध्ये तिथल्या चार भागांत बॅजर जवळजवळ संपवले आणि टीबी भरपूर उतरला. खरं आहे. पण ते मारणं देशभर चालू ठेवूनही अलीकडच्या वर्षांत तिथला टीबी पुन्हा चढला आहे. २०१५ ला दुधाचा कोटा, म्हणजे उत्पादनावरची मर्यादा, उठल्यावर कळप फुगले, गायींची ने-आण वाढली. न्यूझीलंडने पोसम हा छोटा जंगली प्राणी मारून टीबी फार खाली आणला, ऑस्ट्रेलियाने रानम्हशी हटवून १९९७ मध्ये तो संपवला, पण पोसम आणि त्या म्हशी दोन्ही बाहेरून आणलेले प्राणी, लोकांना त्यांचा लळा नाही. आणि दोन्ही देशांनी गायींची ने-आणही आवळून धरली होती. ते अर्धं वाक्य सोडूनच उदाहरण दिलं जातं.

लशीचं. बॅजरांसाठी बीसीजी आहे, २०१० पासून परवानगी आहे, म्हणजे आपल्या दंडावरचीच लस. द्यायची कशी ते ऐका. पिंजरे सेटजवळ ठेवायचे, दार उघडं, आत शेंगदाणे. हो, शेंगदाणेच, बॅजर त्यावर जीव टाकतो. इतर प्राण्यांनी खाऊ नयेत म्हणून वर दगड ठेवायचा, बॅजर तो सहज बाजूला सारतो. आठ-दहा दिवस फुकट खाऊ घालायचं, मग एका रात्री सापळा लावायचा, पहाटे सुई टोचायची, पाठीवर थोडे केस कापून खूण करायची आणि सोडून द्यायचं. मी स्वयंसेवक म्हणून दोनदा गेले आहे. पहाटे पाचला ओल्या गवतात गुडघ्यावर बसून शेंगदाण्याची टरफलं झटकताना गावची आठवण येते. लस आधीच आजारी असलेल्याला बरी करत नाही, आणि दरवर्षी पिल्लं जन्मतात म्हणून काही वर्षं सलग द्यावी लागते. पण टोळीतल्या एक तृतीयांशाहून जास्त बॅजरांना दिली तर लस न दिलेल्या पिल्लांचाही धोका ७९ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. कॉर्नवॉलमध्ये शेतकऱ्यांनीच पुढाकार घेऊन चार वर्षं लस दिली, तेव्हा पॉझिटिव्ह बॅजरांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून शून्यावर आलं. त्याने गायींचा टीबी किती उतरला हे त्या अभ्यासातून ठरत नाही, भाग छोटा होता. पण टोळी न मोडता रोग उतरला, म्हणून मला मारण्यापेक्षा हा मार्ग पटतो. २०२४ मध्ये सरकारनेही जाहीर केलं की या संसदेच्या मुदतीत बॅजर मारणं बंद करू आणि लसीकरण वाढवू.

गायींना बीसीजी का नाही? कारण बीसीजी दिलेली गाय माझ्या कातडीच्या चाचणीत पॉझिटिव्ह येऊ शकते. लस घेतलेली कोण आणि आजारी कोण, हे वेगळं सांगणारी नवी चाचणी तयार होत आहे. दोन्हींच्या इंग्लंडमधल्या शेतांवरच्या चाचण्या २०२१ पासून चालू आहेत.

भारतात हीच चाचणी तुमच्या जास्त उपयोगाची ठरेल. २०१८ च्या एका अंदाजाप्रमाणे आपल्याकडे दोन कोटींहून जास्त गायी-म्हशी बाधित आहेत. महाराष्ट्रात गाय पॉझिटिव्ह निघाली म्हणून तिला कत्तलखान्यात पाठवता येत नाही, त्यामुळे 'तपासा आणि काढा' हा इंग्लंडचा मार्ग तिथे मुळातच बंद आहे. तिथे बॅजरही नाही, दोष द्यायला कोणी नाही. सध्या आपल्याला वाचवतं ते घरोघरी दूध उकळणं. शेतावर कच्चं दूध पिणाऱ्याला तेही नाही. लस आणि तिच्यासोबतची चाचणी आली तर ती आधी आपल्याकडे लागेल असं मला वाटतं. इंटर्नशिपला गोठ्यात गेलात की खोकणाऱ्या, वाळत चाललेल्या गायीचं दूध कोण पितं तेवढं विचारून ठेवा.

त्या शीळवाल्या शेतकऱ्याकडे साठ दिवसांनी परत तपासणी झाली, आणखी एक निघाली. मग रक्तचाचणी केली, तिने कातडीला न सापडलेल्या दोन पकडल्या. फाटकाखाली त्याने पत्रे बसवले आहेत. येत्या मंगळवारी तिथे पुन्हा जायचं आहे, तीनशे दहा माना आहेत, आणि ही तपासणी स्वच्छ गेली तरी शेत मोकळं व्हायला अजून एक लागेल.